आमच्या नेडची जानेवारीची यादी

मला पक्ष्यांचं काडीचंही कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकते. चाळीस वर्षं बंदरावर मासे आणि चिप्सचं दुकान चालवलं मी. समुद्रावरच्या त्या पांढऱ्या कुरव पक्ष्यांनी माझ्या गिऱ्हाइकांच्या हातातले घास पळवले, डोक्यावर घाण केली, छपरावर बसून पहाटेपासून कलकलाट केला. जीव विटला माझा त्यांना. पण माझा धाकटा भाऊ, नेड आर्चबोल्ड, जन्माला आला तोच पाळण्यातून खिडकीकडे बघत. त्याला मी काय करणार?

नेडचा धंदा छपरांचा. पंधराव्या वर्षापासून दगडी पाट्या खांद्यावर घेऊन शिडी चढतोय. आमच्या गावातलं एक छप्पर दाखवा, ज्यावर तो बसलेला नाही. चॅपल, शाळा, पब, माझं दुकान, सगळं त्याच्याच हातचं. काम चोख, पण एक खोड. वळचणीखाली पक्ष्याचं घरटं असलं की तिथलं भोक बुजवायचा नाही.

"नेड्या, तिथून वारा येतो," मी ओरडायचे.

"तिथून ती आत जातात, हिल्डे. त्यांचं घर आहे ते."

"आणि माझं काय आहे मग? धर्मशाळा?"

तो वरूनच हसायचा आणि भोक तसंच ठेवायचा. अजून आहे ते.

त्याची बायको जीन अकरा वर्षांपूर्वी गेली. मग वरच्या आळीतल्या घरात तो आणि त्याचा मुलगा गॅव्हिन, दोघंच. गॅव्हिन खेकडे आणि लॉबस्टर धरायचा. त्याची स्वतःची छोटी बोट होती, एकटाच जायचा. तेहतीस वर्षांचा घोडा झाला तरी माझ्या दुकानात आला की आधी चिप्स उचलायचा आणि मग "कशी आहेस आत्या" म्हणायचा.

आमच्याकडे बंदरात आयडर बदकं असतात. आम्ही त्यांना कड्डीची बदकं म्हणतो, आमच्या संत कथबर्टच्या नावावरून. त्यांचा आवाज म्हणजे कोणाचं तरी लफडं ऐकून बायका जसं "आऽऽऊ!" करतील ना, अगदी तस्सा. गॅव्हिन शाळेत होता तेव्हापासून त्याला तो आवाज हुबेहूब जमायचा. दुकानात रांग लागलेली असायची, दोघी जणी कुजबुजत असायच्या, "आणि मग ती म्हणे घर सोडून गेली..." की मागून हा, "आऽऽऊ!" अख्खं दुकान हसायचं. वर्तमानपत्राची गुंडाळी करून किती वेळा हाणलाय मी त्याला.

आता जानेवारीचं सांगते. गावात नऊ जणांचं एक टोळकं आहे. दर वर्षी जानेवारीभर हे लोक आपापल्या दारातून पायी निघतात, पायीच परत येतात, आणि दिसलेल्या पक्ष्यांच्या जाती वहीत लिहितात. गाडी नाही, सायकल नाही, बस नाही. नुसता आवाज ऐकला तरी चालतो, पण ओळख पक्की हवी. खरी गंमत पुढे आहे. एकतीस डिसेंबरला प्रत्येकाने आपल्याला किती जाती मिळतील तो आकडा चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. महिना संपला की मिळालेल्या आकड्याला चिठ्ठीतल्या आकड्याने भागायचं. जो आपल्या अंदाजाच्या सगळ्यात पुढे गेला, तो जिंकला. बक्षीस काय, तर तुटक्या चोचीची चहाची किटली. तिच्यातून चहा कपात सोडून सगळीकडे पडतो. त्यासाठी ही मोठी माणसं महिनाभर बर्फात तंगड्या तोडत फिरतात.

नेडने एका वर्षी ती किटली जिंकली होती. मार्चमध्ये तो ती कोटाखाली घेऊन डबा सांभाळणाऱ्या टेरेन्स हॉगकडे गेला आणि म्हणाला, "टेरेन्स, ही ठेव. यादीतला तो छोटा ससाणा मी पाट्या आणायला जाताना व्हॅनमधून बघितला होता. काल आठवलं." टेरेन्स शाळेत गणित शिकवायचा, पण तोही म्हणाला की एका ससाण्याने काय फरक पडतो. नेडने ऐकलं नाही. किटली टेबलावर ठेवून घरी आला. असा हा माणूस. यादीत खोटं लिहिण्यापेक्षा हात तोडून देईल.

चौदा ऑक्टोबरला गॅव्हिनची बोट गावासमोरच्या पाण्यात गोल गोल फिरताना सापडली. इंजिन चालू, सुकाणू एका बाजूला वळलेलं, आत कोणी नाही. खेकड्यांच्या सापळ्यांच्या दोरात पाय अडकून पाण्यात ओढला गेला असावा, असं सगळे म्हणतात. पाच दिवस शोधलं. सापडला नाही.

नेड त्या दिवशी चॅपलच्या छपरावर होता. अर्धं छप्पर झालं होतं, अर्धं व्हायचं होतं. खाली उतरला तो परत चढलाच नाही. उरलेलं अर्धं अजून ताडपत्रीखाली आहे आणि प्रार्थनेच्या वेळी ती फडफडते. पाळक बिचारा आवाज चढवून बोलतो, पण नेडला कोणी काही म्हटलं नाही.

तो रडला नाही. मीही फारशी रडले नाही, खोटं कशाला बोलू? दात काढायला डॉक्टर सुई टोचतो, मग जबडा आपला वाटत नाही ना, तसं सगळं झालं होतं. चहा प्यायचा, कप धुवायचा, झोपायचं. नेडने तर बिछानाच मागच्या खोलीत हलवला, जिथून नुसती शेतं दिसतात. पुढच्या खोलीचे पडदे ओढले ते ओढलेच. दाढी नाही, जेवण नाही. मी वाटाण्याचं सूप नेऊन ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी साय धरलेलं परत आणायचे. गॅव्हिनचं नाव तो घेईना. मग आम्हीही घेईनासे झालो. अडीच महिने गावात कोणी त्या पोराचं नाव मोठ्याने घेतलं नव्हतं.

मला दुसरं काही नको होतं. त्याने एकदा त्या पाण्याकडे तोंड करावं, एवढंच. समुद्र चार पावलांवर. त्याच्याकडे पाठ करून या गावात माणूस किती दिवस जगणार? अडुसष्टाव्या वर्षी तो भिंतीकडे तोंड करून मरणार आणि मला ते बघावं लागणार, अशी भीती होती मला. तीही कुठेतरी लांब, बधिर.

एकतीस डिसेंबरला दुपारी टेरेन्स डबा घेऊन त्याच्या घरी आला. मी तिथेच होते.

"नेड, चिठ्ठी," टेरेन्स म्हणाला. "या वर्षी नुसतं नाव असू दे यादीत. बाकी कोणी काही विचारणार नाही."

नेडने कागद घेतला, भलामोठा भोपळा काढला आणि दिला.

टेरेन्सने चष्मा वर केला. "अरे, शून्याने भागता येत नाही."

"मग नको भागूस."

"नियमात असं काही..."

"टेरेन्स, घरी जा," मी म्हटलं. तो गेला. नेड पुन्हा बिछान्यावर पडला.

त्याला वाटलं असेल, भोपळा लिहिला की सुटलो. पण एक तारखेला उजाडलं आणि मागच्या कुंपणावर रॉबिन गायला लागला. आता तो आमचा नेड. ऐकलं म्हणजे लिहायला हवं. मी सूप घेऊन गेले तर उशाशी वही उघडी. 'रॉबिन. ऐकला. बिछान्यातून.' त्याखाली चिमणी, कावळा, कबूतर. चेहरा तसाच दगडी, पण वहीत चार नावं.

"भोपळा कुठे गेला?" मी विचारलं.

"ते बाहेर ओरडतात त्याला मी काय करू?"

"कानात बोळे घाल."

"ते खोटं होईल," तो म्हणाला. थट्टेने नाही, खरंच. त्याने तसा विचार करून बघितला होता.

पाच दिवसांत बिछान्यातून अकरा झाले. सहाव्या दिवशी काय झालं, तर कुंपणाकडून एक बारीक किरकिर त्याच्या कानावर आली. लाल छातीचा बुलफिंच, नाहीतर शेताच्या फाटकाची गंजलेली बिजागरी. दोन्हींचा आवाज सारखाच. सकाळभर तो ऐकत पडला होता म्हणे. पक्कं नाही म्हणून लिहिता येईना, आणि पक्षी असला तर सोडताही येईना. शेवटी पायजम्यावरच बूट चढवून बाहेर गेला. फाटकच निघालं. त्याने परत येऊन तेलाची बाटली घेतली, पुन्हा जाऊन बिजागरीला तेल घातलं. तोवर कुंपणात तीन नवे पक्षी दिसले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. अंगात पायजमा, वर ओव्हरकोट, हातात तेलाची बाटली आणि हा वाकून झुडपात बघतोय. ऑक्टोबरपासून पहिल्यांदा तो घराबाहेर पडला होता.

मग रोज जायला लागला. शेताकडे, ओढ्याकडे, जुन्या खाणीकडे, देवदारांच्या राईत. दुर्बीण मात्र पुढच्या खोलीत खुंटीवर टांगलेली, तिला हात लावायचा नाही. जाताना समुद्र पाठीमागे असायचा, त्यामुळे प्रश्न नव्हता. येताना समोर यायचा, तर हा बुटांकडे बघत यायचा. टिटवी मिळाली, सुतारपक्षी मिळाला, घुबड मिळालं. थोडं थोडं खाऊ लागला. एकदा वाडगा पुसून ठेवला होता, तर मी त्या वाडग्याकडे बघतच राहिले.

टेरेन्स दर रविवारी सगळ्यांच्या याद्या पबच्या भिंतीला टाचतो. पंचवीस तारखेच्या सुमाराला नेडचे अठ्ठावन्न झाले होते. लोक पेला हातात घेऊन यादी वाचायचे आणि बाजूला व्हायचे. मीही वाचली. मला पक्ष्यातलं कळत नाही, पण एवढं कळलं की यादीत समुद्राचं एकही नाव नाही. दिसत नाहीत, कबूल, तो बघतच नाही. पण कड्डीची बदकं? वारा पडला की ती माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतात. त्याच्या घरी तर मागच्या खोलीतही येतात. चिमणी ऐकली तर लिहिणारा माणूस ती लिहीत नाही?

मला रागच आला. महिनाभर मनात म्हणत होते की काही झालं तरी याची वही खोटी नाही. तीही खोटी निघाली तर उरलं काय?

दुसऱ्या दिवशी सूप घेऊन गेले. हवा अगदी स्तब्ध होती. बंदरातून आवाज येत होता, "आऽऽऊ, आऽऽऊ," जणू बदकं उंबऱ्यावर बसली आहेत.

"नेड्या, कड्डीची बदकं का नाहीत रे यादीत?"

"ऐकली नाहीत."

"महिनाभर?"

"नाही ऐकली, हिल्डे."

"आत्ता ओरडतायत. गप्प बस आणि ऐक."

त्याने चमचा खाली ठेवला. मान तिरकी केली, पक्षी ऐकताना करतो तशी. डोळे मिटले. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. बाहेर ती मेली बदकं नुसता गोंधळ घालत होती.

"फ्रिजचा आवाज येतोय," तो म्हणाला. "वरच्या शेतात कावळा आहे. दोन आहेत. कोणाचं तरी दार वाजलं. बस. नाही गं. बाकी काही नाही."

तो खोटं बोलत नव्हता. त्या बाजूचं त्याला ऐकूच येत नव्हतं. फाटकाची बिजागरी बिछान्यातून ऐकणारा माणूस, आणि बंदर त्याच्या कानातून पुसून गेलं होतं.

तो चहाला आधण ठेवायला गेला. वही टेबलावर होती. मी काही न सुचून मागची पानं चाळली. जानेवारीच्या आधी कोरी पानं, आणि त्याच्या आधी हे. 'चौदा ऑक्टोबर. चॅपलच्या छपरावरून, दुर्बिणीतून. दहा वीस. छोटा कुरव, एक. आपल्या बोटीमागच्या घोळक्यात. बोट गोल फिरतेय. दहा पंचेचाळीस. अजून तिथेच. पंखाखालचा काळा रंग स्पष्ट. अकरा पाच. अजून आहे.' पुढे काही नाही.

छोटा कुरव आमच्याकडे सहसा दिसत नाही. गॅव्हिनचं वायरलेसवरचं शेवटचं बोलणं दहाला पाच मिनिटं असताना झालं होतं.

वर बघितलं तर नेड दारात उभा. हातात दोन कप.

"पंखाखालचा काळा रंग बघत होतो," तो म्हणाला. "पाऊण तास."

मी वही मिटली.

"बोट दिसत होती मला. गोल फिरतेय हेही लिहिलं. म्हटलं, दोर ओढत असेल." त्याने कप ठेवले, एक थेंब न सांडता. "बोटीत कोण आहे ते नाही बघितलं. पक्षी बघत होतो."

"नेड्या, ते पाणी किती गार होतं. शोधकार्याच्या माणसांनी मला सांगितलंय, तो तेव्हाच..."

"मलाही सांगितलंय. साखर घातली नाही, तू घाल."

त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. माझ्याही आत काही हललं नाही. आम्ही दोघांनी चहा प्यायला आणि मी घरी आले.

एकतीस तारखेला सकाळी मी त्याच्या दारात उभी राहिले. "बूट घाल."

"कशाला?"

"आज शेवटचा दिवस. संध्याकाळी तुझी यादी पबमध्ये वाचणार. बंदरात कड्डीची बदकं आहेत हे तुला माहीत आहे. ती तुझ्या दारापासून पायी दहा मिनिटांवर आहेत. न बघता यादी दिलीस तर ती अपुरी नाही, खोटी. किटली परत करणारा माणूस तू. मला नको शिकवूस."

मला वाटलं, दार लावून घेईल. मग खाली बसला आणि बूट चढवायला लागला. दुर्बिणीला हात लावला नाही.

आळीतून खाली उतरायला एकशे बारा पायऱ्या आहेत. तो बुटांकडे बघत उतरला. माझ्या बंद दुकानावरून गेलो, दोरांच्या ढिगांवरून गेलो. जाळी विणणारा एक म्हातारा त्याला बघून उठून उभा राहिला. धक्क्याच्या टोकाला गेल्यावर मी थांबले. थंडीने माझी बोटं कुठे आहेत तेही कळत नव्हतं. खाली पाण्यात बदकं अगदी भिंतीला लागून पोहत होती.

"आलो," मी म्हटलं. "आता बघ."

त्याने मान वर केली. आधी बदकांकडे बघितलं. मग त्यांच्या पलीकडे. बंदराच्या तोंडाबाहेर, जिथे बोट फिरत होती तिथे. तिथे काही नव्हतं. करड्या पाण्यावर करडं आभाळ. तो डोळे न हलवता बघत राहिला, आणि मी त्याचा कोट मागून मुठीत धरून ठेवला होता. का, ते विचारू नका.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "अकरा. सहा नर, पाच माद्या."

"बरं."

नर माना मागे टाकून चोची उघडत होते. सगळा धक्का त्यांच्या आवाजाने भरला होता.

"हिल्डे, ओरडतायत का गं ती?"

"हो."

"चोची हलताना दिसतात. कशी ओरडतायत?"

मी त्र्याहत्तर वर्षांची बाई. दोन्ही गुडघे गेलेले, डोक्याला रुमाल बांधलेला, मागून अख्खं बंदर बघतंय. पण मी तोंड उघडलं आणि केलं, "आऽऽऊ!" आवाज फाटला. शेवटी खोकलाच आला. जाळीवाल्या म्हाताऱ्याने तोंड फिरवलं.

नेडने वळून माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा, ऑक्टोबरपासून, मी कोण आहे हे ओळखून बघितल्यासारखं.

"शी," तो म्हणाला. "आपल्या गॅव्हिनच्या पासंगालाही पुरणार नाहीस तू."

मला रडू फुटलं. इतके दिवस साठलेलं सगळं तिथे, माशाच्या वासात, उभ्या उभ्या. त्याने मला रडू दिलं. तो रडला नाही. त्याने खिशातून वही काढली, पेन्सिलीचं टोक ओठांत धरून ऊब दिली, आणि गारठलेल्या हाताने हळूहळू लिहिलं. मी डोळे पुसून वाचलं. 'आयडर, अकरा. धक्क्यावरून. पाहिली. ऐकली नाहीत. हिल्डाने ऐकली.'

"माझं ऐकणं नियमात बसतं का?" मी नाक शिंकरत विचारलं.

"टेरेन्सला विचारू संध्याकाळी."

परत चढताना तो मधूनमधून मागे वळून पाण्याकडे बघत होता, बुटांकडे नाही. मी मात्र बघत होते, पायऱ्यांवर बर्फ धरलं होतं.